रेवारामचा फ्रीज आणि बाईची सहा एकर

मु. टोली, दवनीवाड्याच्या अलीकडे, जि. गोंदिया
बुधवार (धान घरात आलं, लाखोरीची डाळ धानाच्या बांधीत उगवली, तो आठवडा)

ती. धनेंद्र भाऊजींच्या सेवेशी,

तुमचा एकुलता एक साळा तिलक याचा दोन्ही हात जोडून, जमेल तितकं वाकून नमस्कार. (जास्त वाकता येत नाही, कंबर धरली आहे. ती का धरली हे पुढे येईलच.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? थंडीत सायकल चालवू नका असं मी दिवाळीतच म्हणालो होतो, पण धाकट्या साळ्याचं ऐकण्याची पद्धत आपल्या समाजात नाही. भाचा घनश्याम अजून हायवेवरच्या धाब्याच्या गल्ल्यावर बसतो, की त्याच्या नागपूरच्या शिक्षणाचं काही जमलं? आमची बाई, म्हणजे तुमचं कुटुंब, माझी मोठी बहीण चमेलीबाई, ती तर बरी असणारच. ती बरी आहे हे मला पक्कं माहीत आहे, कारण गेले चार दिवस मी फोन केला की पलीकडून तिचा श्वास ऐकू येतो आणि मग फोन कटतो. श्वास अगदी ठणठणीत आहे.

आता तुम्ही म्हणाल, घरोघरी मोबाइल असताना हा माणूस वहीची पानं फाडून पत्र कशाला लिहीत बसला? भाऊजी, तुमचा मोबाइल बाईच्या हातात असतो. म्हणून हे पत्र मी रेवारामच्या हाती देऊन, थेट तुमच्याच हातात द्यायचं असं बजावून पाठवतो आहे. रेवाराम माहीत आहे ना? आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी. वीस वर्षांपूर्वी तिकडच्या जंगलपट्ट्यातून बायकोला, दुर्पताला, घेऊन आला, तो आमच्याच नांगरामागे राहिला. मातीच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर आणि मागे अर्धा एकर बरड जमीन, एवढा त्याचा संसार. हा रेवाराम या महिन्यात आमच्या टोलीतला सगळ्यात श्रीमंत शेतकरी ठरला, आणि ते कसं झालं हे तुम्हाला बाहेरच्या माणसाकडून कळण्याऐवजी माझ्याकडून कळलेलं बरं.

झालं असं की नागपूरहून एक मुलगी आली, मोनाली नावाची. शिकलेली, पाठीवर पिशवी, हातात टॅब, पायात कापडी बूट. कुठल्याशा संस्थेचा सर्व्हे होता. कालव्याच्या पाण्यावरची गावं आणि तुमच्याकडची पावसाच्या भरवशावरची गावं, यांत शेतकऱ्या-शेतकऱ्यांतला फरक किती, हे मोजायचं होतं. म्हणजे कोण किती श्रीमंत हे नाही, तर एकाच गावातला वरचा आणि खालचा यांच्यात अंतर किती, ते. तिनं ग्रामपंचायतीच्या ओट्यावर फार छान समजावून सांगितलं. पंगतीत सगळ्या पत्रावळींवर सारखं वाढलं तर आकडा शून्य, आणि एकट्याच्याच पत्रावळीवर सगळी भाजी ओतली तर आकडा एक. आणि मग म्हणाली की तुमच्या त्या बाजूचा, म्हणजे भाऊजी तुमच्याकडचा, आकडा लहान आला आहे. कालव्याकडे तो मोठा येईल असं वाटतं.

हे ऐकून माझा पहिला विचार कोणता आला सांगू? राग मानू नका. मला वाटलं, वाढायलाच काही नसलं तर सगळ्या पत्रावळी सारख्याच दिसणार. (दिवाळीत मी हाच विनोद तुमच्या ओसरीत बसून केला होता. तुम्ही तेव्हा फक्त म्हणालात की कालवा टोलीत आला, पण टोलीतल्या सगळ्यांच्या बांधीत नाही गेला. मी हसण्यावारी नेलं. नंतर मोजलं तर खरंच सात घरांच्या बांधीत गेला आहे. त्यातलं एक माझं.)

पण सर्व्हे म्हटला की टोलीत समजावणाऱ्याचं कोण ऐकतं? आमचा भैय्यालाल (शेजारी, पंधरा एकरवाला, सगळ्या बातम्या त्याच्याकडे सरकारच्या आधी येतात) त्याच संध्याकाळी घरोघर फिरला. हे सगळं वरवरचं आहे म्हणे. ज्याच्या नावावर जास्त दिसेल त्याचा धानाचा बोनस बंद, पिवळं कार्ड गेलं, पोरांची स्कॉलरशिप गेली. झालं! दुसऱ्या दिवशी सकाळपासून टोलीतली मालमत्ता पायांवर चालायला लागली. कुणाच्या म्हशी, कुणाचे मोटरपंप, कुणाची नवी मोटरसायकल. आता लपवायचं कुठं? मोठ्यांच्या घरी लपवून उपयोग नाही, तिथे सर्व्हे होणार. मग ज्याच्याकडे मोजायला काहीच नाही अशा घरी ठेवायचं. टोलीत असं घर विचाराल तर सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, रेवाराम. त्याचं अंगण मोठं, कुंपण नाही, आणि माणूस नाही म्हणत नाही.

माझा ट्रॅक्टर आणि तीन म्हशी गेल्या. भैय्यालालचं मळणीयंत्र आणि दोन म्हशी गेल्या. तीन मोटरपंप गेले. आणि भैय्यालालच्या बायकोला कुणीतरी सांगितलं की फ्रीजसुद्धा लिहितात, म्हणून चौघांनी उचलून तिचा फ्रीजही तिथेच नेऊन ठेवला. (माझी कंबर इथे धरली.) रेवारामच्या घरी प्लग नाही, एक बल्ब आहे. फ्रीज अंगणात उभा राहिला, संध्याकाळी त्यावर कोंबडी बसली. ट्रॅक्टरवर आम्ही धानाच्या वाळक्या तणसाचा ढीग रचला, असा की कोणी म्हणणार नाही आत लोखंड आहे. आणि मी रेवारामला बाजूला घेऊन पढवलं की चुकून कुणी विचारलंच, तर जे अंगणात दिसेल ते सगळं तुझंच आहे म्हणायचं. तो म्हणाला, "हव जी." रेवारामचं हव जी म्हणजे शिक्का असतो, पुन्हा विचारावं लागत नाही.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. दोन दिवसांनी मोनालीनं टोलीतल्या साठ घरांच्या चिठ्ठ्या केल्या, स्टीलच्या डब्यात घालून हलवल्या आणि बारा काढल्या. अकरावी माझी निघाली. बारावी रेवारामची.

भाऊजी, आम्ही सगळे तिथे ओट्यावर बसलेलो, आणि एकाच्याही मनात आलं नव्हतं की रेवारामच्या नावाची चिठ्ठी डब्यात असेल. तो शेतकरी आहे हेच आम्ही विसरलो होतो. अर्धा एकर बरडवाला असला म्हणून काय झालं, सातबारा त्याच्या नावाचा आहेच की. पण आमच्या डोक्यात शेतकरी म्हणजे आम्ही आणि रेवाराम म्हणजे रेवाराम.

आधी ती माझ्याकडे आली. सौ. सुशिलानं चहा केला (कपबशी जुनी काढली होती, कान तुटलेली). मी फाटकी बंडी घालून बसलो होतो. जनावरं? नाहीत. ट्रॅक्टर? कुठला हो. शेती? आता शेती काही रेवारामच्या अंगणात नेऊन ठेवता येत नाही. पण त्यावरही भैय्यालालनं आदल्या दिवशी सगळ्यांना तोड दिली होती. त्याचं हिंदी तुम्हाला माहीत आहे. "सीधी बात है. आधी जमीन बहन की बता दो. बहन कौनसी पूछने आ रही है?" टोलीतल्या सगळ्या पुरुषांना हे इतकं पटलं, इतकं पटलं, की आजपर्यंत ग्रामसभेत कुठला ठराव असा एकमतानं पास झाला नाही. मीही छातीवर हात ठेवून सांगितलं, बारा एकर दिसतात खरं, पण त्यातली सहा माझी मोठी बहीण चमेलीबाई हिची. माझी फक्त सहा.

मोनालीनं मान वर करून पाहिलं. म्हणाली, छान. आणि टॅबवर लिहिलं.

ती गेल्यावर सुशिला मला म्हणाली, पण ते खरंच आहे ना? मी म्हटलं, काय? ती म्हणाली, सातबाऱ्यावर सासरे गेल्यापासून बाईंचं नाव आहेच की तुमच्या बरोबरीनं. भाऊजी, मी तिथेच, त्या तुटक्या कानाच्या कपासमोर, बसून राहिलो. बाबूजी, म्हणजे आमचे वडील बिसनलाल, जाऊन अकरा वर्षं झाली. मी आयुष्यात ठरवून, तालीम करून, बंडी फाडून खोटं बोलायला बसलो, आणि बोललो ते अक्षर न् अक्षर खरं निघालं.

पण रडायला वेळ नव्हता, कारण ती रेवारामकडे निघाली होती. मी शेतामागच्या धुऱ्यावरून पळत तिच्या आधी पोचलो. पाहतो तर काय, दोन दिवस पाच म्हशी त्या तणसाच्या ढिगाशेजारी बांधलेल्या. रेवारामच्या घरी चारा कुठला असायला? त्यांनी समोर होतं ते खाल्लं. ट्रॅक्टरचा पुढचा भाग, दिवे, नंबरप्लेट, सगळं चाटूनपुसून स्वच्छ उघडं. आणि रेवाराम अंगणात खाटेवर ताठ बसलेला. मोनाली विचारत गेली, तो सांगत गेला. ट्रॅक्टर? हाये जी, माहाच. मळणीयंत्र? माहाच. म्हशी? पाच, माह्याच. पंप? तीन. फ्रीज? त्यानं वळून कोंबडीकडे पाहिलं आणि म्हणाला, तोही माहाच, पन कोंबडी दुर्पताची आहे. माणसानं एकदा हव जी म्हटलं की म्हटलं.

मग तिनं विचारलं, दूध विकता का घरी ठेवता? रेवाराम म्हणाला, पोट्टे पेतेत. हे ऐकून मला राहवलं नाही. ती गेल्यावर मी त्याला धरलं. माझ्या म्हशींचं दोन दिवसांचं दूध, तीन म्हशींचं, कुठे आहे? मला वाटलं होतं दुर्पता संध्याकाळी चरवी आणून देईल. तर रेवाराम माझ्याकडे अगदी सरळ पाहत म्हणाला, "तुमीच त सांगतलं मालक, कोनी इचारलं त म्हशी माह्या म्हन. मंग म्हशी माह्या त दूध कोनाचा?"

मी उगाच म्हशीचं दावं तपासलं. आतून दुर्पता बाहेर आली, शेणाचे हात तसेच, आणि म्हणाली, "दोन दिवस बहुत श्रीमंती झाली जी. शेन काढता काढता जीव गेला. न्या बापा आपापलं."

आणि आम्ही नेलं. (फ्रीज पुन्हा चौघांनी उचलला. कंबर दुसऱ्यांदा धरली.) मला वाटलं, संपलं. टोलीतही सगळ्यांना वाटलं, वाचलो.

गेल्या शनिवारी मोनाली परत आली आणि ओट्यावर तिनं टोलीचा निकाल वाचला. म्हणाली की मी असं गाव बघितलं नव्हतं. सगळ्यांत श्रीमंत घर सालदाराचं. बारापैकी नऊ घरांत निम्मी जमीन बहिणींची. पत्रावळ्या जवळजवळ सारख्या. कालव्याकडच्या आतापर्यंत पाहिलेल्या गावांत सगळ्यांत लहान आकडा तुमचा. असं म्हणून ती हात जोडून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं का, हे मी अजून ठरवतो आहे. मी तिला जाताना हळूच विचारलं की ताई, तुम्ही हे असं सगळं खरं धरता का? ती म्हणाली, काका, माझं काम लिहून घ्यायचं. सांगणारा आपल्या तोंडानं सांगतो.

एवढ्यावर भागलं असतं. पण आमची रिंकी, माझी मोठी मुलगी (गोंदियाला कॉलेजात आहे, मोबाइलशिवाय हात दिसत नाही), तिनं तो निकाल अथपासून इतिपर्यंत व्हिडिओत घेतला आणि पाठवला कुठे? टोलीतून लग्न होऊन गेलेल्या सगळ्या लेकींचा एक ग्रुप आहे म्हणे. मला माहीतच नव्हतं असा ग्रुप असतो. चौऱ्याऐंशी जणी आहेत त्यात. भाऊजी, त्या संध्याकाळी आमच्या टोलीत जितके फोन वाजले तितके लग्नसराईतही वाजत नाहीत. तिरोडा, आमगाव, बालाघाट, रायपूर, सगळीकडून बहिणींचे आवाज. कुणी रडत होती, दादा, तू एवढा चांगला निघशील असं वाटलं नव्हतं. ज्यांना रडणाऱ्या बहिणी मिळाल्या त्यांची अवस्था जास्त वाईट आहे. भांडणारीशी भांडता येतं. एकटा भैय्यालाल मिशीला पीळ देत फिरत होता, कारण त्याला बहीणच नाही. पण नुसती बहीण सांगून भागत नाही, नाव लागतं, म्हणून त्यानं (बारा चिठ्ठ्यांत त्याचीही होती) मुन्नीबाई असं काहीतरी सांगून टाकलं होतं. आता त्याची बायको चार दिवस झाले एकच विचारते आहे, की ज्या मुन्नीबाईला साडेसात एकर दिली ती कोण? स्वयंपाक बंद आहे. परवा आमच्याकडे जेवून गेला.

आणि मला आमच्या बाईचा फोन आला. ती रडली नाही, भांडली नाही. तुम्हाला तिचा आवाज माहीत आहे, मोठा नाही. म्हणाली, "तिलक, माह्या सहा एकरातला धान कोठं ठेवलास रे?"

भाऊजी, हा रेवारामच्या अंगणातलाच प्रश्न होता, फक्त दुधाऐवजी धानाचा. मी म्हटलं, बाई, नेटवर्क नाही, आवाज येत नाही, आणि फोन बंद केला. आवाज चांगला येत होता.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. बाकी इकडे सर्व क्षेम. म्हशी दूध कमी देत आहेत. तणस महाग झाल्याचं ऐकतो. तुमच्याकडे यंदा पाऊस मधेच तुटला, धान निम्मंच झालं असं घनश्याम म्हणत होता, वाचून वाईट वाटेल असं काही लिहीत नाही. हे पत्र निव्वळ ख्यालीखुशालीचं आहे. त्यात कुठलाही हेतू शोधू नये. बाईला माझा नमस्कार सांगावा, ऐकत असेल तर.

आपला नम्र,
तिलक

ता. क. : एक बारीकसं राहिलं. येत्या शनिवारी बाईनं तहसीलला येऊन हक्कसोडपत्रावर सही करायची हे दिवाळीतच ठरलं होतं, ते आहे ना पक्कं? आपल्याकडे सगळ्याच बहिणी करतात, रीत आहे, त्यात काही मनाला लावून घेण्यासारखं नाही. सर्व्हेत सांगितलेलं सर्व्हेपुरतं. तुम्ही घरातले कर्ते, शांत स्वभावाचे, तुम्ही बोललात तर ती ऐकेल. साडी घेऊन ठेवली आहे, चांगली, जरीकाठी. गाडी पाठवतो. तुम्हालाही धोतरजोडी आहे.

ता. क. दुसरा (रिंकीच्या हातचा) : फुफाजी, नमस्ते. बाबा पत्र पाकिटात घालून लाखोरी बघायला गेले, म्हणून लिहिते. साडी जांभळी आहे, आत्याला जांभळा आवडत नाही हे बाबांना पन्नास वर्षांत कळलं नाही. पावती आईकडे आहे. आणि एक. मी काल बाबांना विचारलं की मलाही आपला रूपेश हा सख्खा भाऊ आहे, तर उद्या मलाही सही करून साडीच मिळणार ना, मग रंग तरी मी आत्ताच सांगून ठेवते. काल त्यांनी दोन घास खाल्ले आणि उठले. बाबा वाईट नाहीत फुफाजी, पण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

ता. क. तिसरा : रिंकीनं माझ्या पाकिटात हात घातला. मी ते पान फाडणार होतो, नाही फाडलं. मघाशी बांधीवर गेलो होतो, त्या मोहाच्या झाडापाशी. लहानपणी बाबूजी नांगर धरायचे, मी धुऱ्यावर बसून शिदोरी सांभाळायचो, आणि बाई त्याच बांधीत गुडघाभर चिखलात धानाच्या रोपांचे परे लावायची. मी एक दिवस लावले नाहीत, माझे पाय खराब होतील म्हणून. मला लाज वाटली भाऊजी, ती लिहायला शब्द नाहीत, म्हणून एवढंच लिहितो की वाटली.

तर वरचा पहिला ता. क. वाचला नाही असं समजा. शनिवारी गाडी येणार नाही. ट्रॅक्टर येईल. रेवारामला आधी पत्र घेऊन पाठवणार होतो, आता पत्र आणि धान एकदमच येतील. सहा एकरातलं रेवारामच्या वाट्याचं काढून धानाचे जेवढे कट्टे राहिले तेवढे सगळे आहेत, वर सुवासिक चिन्नोर तांदळाचा एक माझ्याकडून. ठेवायला जागा करा. मागच्या अकरा वर्षांचं बाईनं विचारलं तर... नेटवर्क नाही म्हणून सांगा, पण हळू सांगा, मी जरा हळूहळू देईन. हायवेवर कोणी थांबवून विचारलं, तर रेवारामला पढवून ठेवलं आहे. ट्रॅक्टर तिलकचा, धान चमेलीबाईचा. या खेपेला दोन्ही खरं आहे, तरी तो मला तीनदा विचारून गेला.